विषय : कॉम्प्युटरचा ६०० वॅटचा दिवेवाला पॉवर सप्लाय (तक्रार सातव्यांदा)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाने आज दुपारी माझी तक्रार 'निवारण झाले' असा शेरा मारून बंद केली. कसलंही निवारण झालेलं नाही. गेम सुरू केला की पाच मिनिटांत मशीन रीस्टार्ट होतं, हे मी दीड महिना सांगतोय.

हा सप्लाय काढून तुमचाच आठ वर्षं जुना, काळाकुट्ट, बिनदिव्याचा ४५० वॅटचा डबा लावला, तर तेच मशीन रात्रभर कुरकुर न करता चाललं. तेव्हा 'रॅम काढून घाला', 'विंडोज नव्याने टाका' हे आता पुरे.

मोलेक्सच्या (सप्लायच्या चार पिनांच्या जोडणीच्या) पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्टच्या तारेला मल्टिमीटर लावला. मशीनवर भार असताना ११.१ व्होल्ट. एटीएक्समध्ये, म्हणजे अशा सप्लायच्या ठरलेल्या मानकात, या रेलला (१२ व्होल्टच्या वाहिनीला) पाच टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ११.४ च्या खाली जायचंच नाही. खोक्यावर ६०० ठसठशीत छापलंय; स्टिकरवर बारीक अक्षरांत १२ व्होल्टला ३५ अँपिअर, म्हणजे ४२० वॅट. माझं ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मिळून तीनशेच्या आत. तेवढंही झेपत नाही.

आता आजचा फोन. तेवीस मिनिटं संगीत ऐकवून झाल्यावर :

"सर, फॅनचा लाइट लागतो का?"
"लागतो."
"कोणत्या रंगाचा?"
"सगळ्या."
"मग सप्लाय ओके आहे सर."

मी ११.१ सांगितलं. पलीकडे शांतता. मग, "सर, मागचं बटण दाबून लाइटचा मोड बदलून बघा." मला वाटलं चेष्टा करतोय. नाही! तो थांबला होता, मी बटण दाबण्याची वाट बघत. मी, माझीच मला लाज वाटते, दाबलं. दिवे जांभळे झाले. "आता बघा सर," म्हणाला, आणि वर पाच गुण द्यायची विनंती.

अहो, हा दिवा मशीन बंद केल्यावरही जळत असतो. तेव्हा १२ व्होल्टची रेल मेलेलीच असते. मग दिव्यावरून तुम्ही कसली परीक्षा घेता? बटण दाबून घालवला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. सप्लायपेक्षा दिव्याचंच काम चोख आहे, हे मान्य.

शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. असो. जुन्या डब्याच्या भरवशावर डोळे मिटून पुन्हा तुमचाच माल घेतला, ती चूक माझी. दहा दिवसांत सप्लाय बदलून द्या किंवा पैसे परत करा. नाहीतर मल्टिमीटरच्या व्हिडिओसकट ग्राहक न्यायालयात जाईन. आणि बदलून देणार असाल तर बिनदिव्याचा द्या.

— एक ग्राहक

ता. क. : हे लिहिता लिहिता मेसेज आला. 'आपली तक्रार सोडवताना आम्हाला आनंद झाला.'