जुना हातमोजा वाचायला शिकवल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत, कारण तुम्ही जे दिलंत ते सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाच्या कामाचं आहे. चूक दाखवणारे पुष्कळ भेटतात. आपली चूक आपल्याला एकट्याने कशी पकडायची, हे तुम्ही शिकवलंत, आणि त्यासाठी सामान तरी किती? जुना हातमोजा, दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या), एक नाणं आणि कंपासपेटीतली पट्टी.

हातमोज्यापासूनच सुरुवात करतो. तो फाटला की टाकून द्यायचा, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. तुम्ही तो उलटसुलट करून वाचायला लावलात. करंगळीखालच्या गादीवर भोक पडलं असेल, तर क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, बोटांऐवजी तळव्यात धरला जातोय आणि दर फटक्याला तिथे घासतोय. अंगठ्यावर झीज असेल, तर अंगठा ग्रिपवर, म्हणजे क्लबच्या मुठीवर, फार लांब ताणला जातोय. मोजा सगळीकडे सारखा मळलाय, भोक कुठेच नाही, म्हणजे पकड जागेवर आहे. (इथून पुढे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी उलट वाचावं.)

पकड घेण्याचा क्रम तुम्ही कधीच मोडू दिला नाहीत, त्याबद्दल खास आभार. आधी क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, लक्ष्याच्या रेघेशी काटकोनात ठेवायचा आणि मगच हात लावायचे. हौशी खेळाडू आधी मूठ आवळतो आणि मग फेस सरळ दिसेपर्यंत मनगट फिरवत बसतो. फटक्याच्या वेळी मनगट आपल्या मूळच्या जागी परत येतं, फेस उघडतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. सरावात तासन्‌तास स्विंग (क्लबचा झोका) बदलूनही हे उजवीकडे वळणं, म्हणजे स्लाइस, जात नाही, त्याचं कारण कित्येकदा इतक्या आधी घडलेलं असतं.

डावा हात मांडीशेजारी सैल सोडला की तो जितका आत वळलेला दिसतो, तितकाच क्लबवर यायला हवा. ग्रिप तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळाशी तिरकी जाते, टोकाला अर्धा इंच मोकळं राहतं आणि तळव्याची गादी वरून बसते. मान खाली करून पाहिलं तर मुठीची दोन ते अडीच हाडं दिसतात आणि अंगठा-तर्जनीमधला बेचका उजव्या खांद्याकडे रोखलेला असतो. एकच हाड दिसलं तर पकड कमजोर, फेस उघडा राहणार. चारही दिसली तर फेस मिटत जाणार आणि चेंडू हुक होणार, म्हणजे डावीकडे वळणार. तुमची परीक्षा सोपी होती: फक्त वाकवलेली तर्जनी आणि वरची गादी यांच्यावर क्लब उचलून धरायचा, बाकीची बोटं सोडायची. क्लब तोलून राहिला तर तो बोटांत आहे. गळून पडला तर तळव्यात होता.

उजवा हात डाव्या अंगठ्यावर झाकण बसवल्यासारखा येतो आणि पकड मधल्या दोन बोटांत राहते. करंगळीचं काय करायचं यावर लोक उगाच फार वाद घालतात. १८९६ ते १९१४ या काळात सहा वेळा ‘द ओपन’ ही ब्रिटनमधली मोठी स्पर्धा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डन यांच्या नावाने ओळखली जाणारी पकड उजवी करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर चढवते. जॅक निकलस आणि टायगर वुड्स या नामवंत खेळाडूंनी ती डाव्या तर्जनीत अडकवली. हात लहान असतील किंवा ताकद कमी असेल तर दहाही बोटं ग्रिपवर ठेवलेली चालतात. हात एकमेकांवर घसरत नाहीत ना, एवढंच पाहायचं.

दाबाबद्दल तुमचं म्हणणं आम्ही सगळ्यांना सांगत असतो. सगळ्यात घट्ट म्हणजे १० धरलं, तर पूर्ण स्विंगला ४ ते ५ पुरतो. त्याहून महत्त्वाचं, जो दाब सुरुवातीला आहे तोच शेवटपर्यंत राहायला हवा. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं धरतात. उजवा अंगठा आणि तर्जनी चिमटा घेऊ लागली की कोपरापर्यंतचे स्नायू ताठतात आणि मनगट वळायचं थांबतं.

नवी पकड घेतल्यावर पहिले काही दिवस चेंडू सरळ डावीकडे जाऊ लागतो आणि बहुतेक जण घाबरून जुन्या पकडीकडे पळतात. तिथे तुम्ही थांबवलंत, हे तुमचं आमच्यावरचं सगळ्यात मोठं ऋण. स्लाइस झाकण्यासाठी शरीराला बाहेरून आत क्लब ओढायची सवय लागलेली असते. फेस आता त्या तिरक्या वाटेशी काटकोनात येतो, म्हणून चेंडू डावीकडे निघतो आणि न वळता तसाच जातो. वळणं थांबलं म्हणजे पकड सुधारली. उरलं ते क्लबच्या वाटेचं काम, ते त्यानंतर. घरी बसल्या जागी रोज वीस-पंचवीस वेळा क्लब धरायचा आणि सोडायचा, चेंडूशिवाय. चेंडू समोर असला की हात जुन्या जागी पळतात.

ग्रिपच्या जाडीकडेही तुम्ही लक्ष वेधलंत. डाव्या हाताची मधली दोन बोटं अंगठ्याखालच्या गादीला जेमतेम टेकावीत. ती खोल रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे. मधे फट राहत असेल तर जाड. आणि चकचकीत, गुळगुळीत झालेली ग्रिप कोमट साबणाच्या पाण्याने धुऊनही निसटत असेल तर ती बदलायचीच, कारण हात नकळत जास्त आवळतात.

आता पटर, म्हणजे चेंडू कपात (भोकात) घरंगळत नेण्याचा क्लब. त्या फटक्याला पट म्हणतात. पूर्ण स्विंगला क्लब बोटांत हवा, कारण तिथे मनगट मोडायचं, म्हणजे दुमडायचं असतं. पटिंगला ते मोडू नये म्हणून ग्रिप तळव्यातून, आयुष्यरेषेवरून जाते. शाफ्ट (क्लबचा दांडा) आणि कोपरापुढचा हात एका रेषेत येतात. हा फरक इतका स्वच्छ सांगणारं दुसरं कुणी आम्हाला भेटलं नाही. पटरच्या ग्रिपला सपाट बाजू असायला नियमांची परवानगी आहे. दोन्ही अंगठे तिच्यावर सरळ खाली बसतात. डावी तर्जनी उजव्या हाताच्या बोटांवर लांब टाकली की डावं मनगट आणखी शांत राहतं. दाब ३ ते ४.

मनगट मोडतंय का, हे पट्टी सांगते. डाव्या हातातल्या घड्याळाच्या पट्ट्याखाली ती अशी सरकवायची की पुढचं टोक हाताच्या पाठीवर येईल. चेंडूला लागताना मनगट मागे दुमडलं तर पट्टी टोचते. नेहमीच टोचत असेल तर डावा हात खाली, उजवा वर अशी उलटी पकड घेऊन पाहायची. लांब पटर छातीला किंवा पोटाला टेकवून मारणं १ जानेवारी २०१६ पासून नियमबाह्य आहे. कोपराखालच्या हाताला टेकवलेला चालतो.

दिशेचा हिशेब तुम्ही मांडून दाखवलात तेव्हा सरावाची पद्धतच बदलली. कपाचा व्यास ४.२५ इंच. १० फुटांवरून फेस फक्त १ अंश चुकला तर चेंडू मध्यापासून सुमारे २.१ इंच सरकतो, म्हणजे त्याचा मध्य थेट काठावर. म्हणून सपाट जागी चेंडूपुढे एक फुटावर दोन टी रोवायचे, मधलं अंतर २ इंच. चेंडू १.६८ इंचांचा, दोन्ही बाजूंना जेमतेम ०.१६ इंच मोकळे. टीला न शिवता तो त्या दारातून गेला तर दिशा पाऊण अंशाच्या आत होती. डाव्या टीला लागतोय की उजव्या, यावरून फेस मिटलाय की उघडा ते लगेच कळतं. कपाकडे पाहून हे कळत नाही, कारण तिथवर उतार आणि वेग मधे येतात.

डोळ्यांची जागा पाहायला दुसरा चेंडू नाकाच्या मुळाशी धरून सोडायचा. तो खालच्या चेंडूवर किंवा किंचित आपल्या पायांच्या बाजूला पडावा. पलीकडे पडला तर रेघच वाकडी दिसते. आणि नाणं ठेवायचं चेंडूखाली. फटका गेल्यावर नाणं स्पष्ट दिसेपर्यंत मान वर करायची नाही. लवकर वर पाहिलं की खांदे उघडतात आणि फेसही त्यांच्यामागे जातो.

एका कपासाठी तीन पट मारावे लागतात ते बहुधा पहिल्याचं अंतर चुकल्याने, हे तर आता आमच्या तोंडीच बसलंय. १०, २० आणि ३० फुटांवर टी लावून, दरवेळी अंतर बदलत मारायचं, एकाच जागेवरून सलग दहा नाहीत. अंतर मागच्या झोक्याच्या लांबीने ठरवायचं. झोका लांब घेऊन चेंडूपाशी हात आखडले की फेस डगमगतो, म्हणून आखूड झोका आणि न थांबता पुढे. लांबच्या पटला कपाभोवती ३ फुटांचं वर्तुळ हेच लक्ष्य. जवळच्या पटला, चुकला तरी सव्वा-दीड फूट पुढे जाईल एवढा वेग. उतार कपाजवळच्या शेवटच्या भागात जास्त ओढतो, कारण तिथे चेंडू हळू झालेला असतो. म्हणून चालत जाऊन कपाभोवतीची जमीन खालच्या बाजूने पाहायची. खालच्या बाजूने चुकलेल्या पटला कप सापडण्याची आशा नसते. वरच्या बाजूने चुकलेल्याला थोडी तरी असते. २०१९ पासून बुटांच्या खुणाही बुजवता येतात आणि झेंडा कपात ठेवून पट करता येतो, हेही तुमच्यामुळेच कित्येकांना कळलं.

हे सगळं तुम्ही न कंटाळता, प्रत्येकाच्या मुठीची हाडं मोजून शिकवलंत. मनापासून आभार.

यंदाचे जुने हातमोजे टाकलेले नाहीत. तुम्ही याल तेव्हा दाखवायला ठेवले आहेत.

आपले,
सराव-ग्रीनवरचे सगळे विद्यार्थी