रिपोर्ट येईपर्यंत

प्रिय सुनी,

काल बाळाभोवतीचं पाणी तपासायला दिलं. आईला कळू दिलेलं नाही, तुलाच आधी सांगतेय. तब्येत बरी आहे, ओकाऱ्या थांबल्या.

रक्ततपासणीत डाऊन सिंड्रोमची शक्यता 90 मध्ये 1 आली. अभय म्हणतो, म्हणजे 89 वेळा सगळं ठीक. मला तो एकच दिसत राहिला. गणितावरून तू आम्हा दोघांचीही हजेरी घेतली असतीस! 15 आठवडे पुरे झाल्याशिवाय पाणी काढत नाहीत, तेवढं थांबणंही जड गेलं.

सुई लांब, पण दुखणं थोडंच. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिची पांढरी रेघ आत शिरताना दिसली आणि बाळ पलीकडे पाय झाडत होतं. मी श्वास धरून त्या पायांकडेच बघत होते. फिकट पिवळं पाणी, जेमतेम 20 मिली. माझ्या पेशी मिसळू नयेत म्हणून सुरुवातीचे थेंब टाकून दिले. 21, 18, 13 या गुणसूत्रांचं दोन-तीन दिवसांत कळेल. बाकीच्यांसाठी पेशी वाढवतात, त्याला दोनेक आठवडे. गर्भ पडण्याचा धोका 200 मध्ये एकाहूनही कमी, तरी रात्रभर हात पोटावरच होता.

चिनूच्या वेळी तू ही तपासणी नाकारलीस, तेव्हा आपण केवढ्या भांडलो! कळलेलं बरं, असं मी आजही म्हणेन. पण तू विचारलं होतंस, "कळल्यावर काय करशील?" काल डॉक्टरबाईंनी नेमकं तेच विचारलं. अभय खिडकीबाहेर बघत बसला. घरी विषय काढला की उठून जातो. डाऊन निघालं तर रिपोर्टात 46 ऐवजी 47 गुणसूत्रं लिहून येतील. ते मूल किती शिकेल, कशाला हसेल, हे त्यात नसेल. मग ठरवायचं कशावरून? आणि रिपोर्ट चांगला आला तरी हृदयातलं छिद्र त्यात दिसत नाही, त्यासाठी पुढची सोनोग्राफी आहेच.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिनूला त्या शाळेत घेतलं का? बाईंना सोडू नकोस, पुन्हा जाऊन बस.

आणि मला खरं सांग, धीर द्यायला म्हणून नको. चिनू झाल्यावर पहिल्या रात्री, सगळे घरी गेल्यावर, तुझ्या मनात काय आलं होतं? इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही. आज विचारतेय. रिपोर्टच्या आधी लिही.

तुझी,
नीलू