वैशूस, चोपड्याहून

वैशू,

तुझा मेसेज वाचला, फोनवर नीट बोलता येणार नाही म्हणून लिहितेय. क्लिनिक सुरू केल्यावर अबॉर्शन करणार नाही म्हणतेस, मनाला पटत नाही म्हणून. बरं, तुझ्यावर जबरदस्ती करणारी मी कोण? पण डॉक्टर नाही म्हणाले की त्या बाईचे पुढे काय हाल होतात ते मी ड्युटीवर बघते ना गं.

मध्ये रावेरकडची एक आली, केळीच्या बागेत मजुरी, पदरात दोन पोरं, धाकटं अजून अंगावर पितं, नवरा सुरतला कामाला. एका डॉक्टरांनी 'आम्ही हे पाप करत नाही' म्हणून हाकललेली, दुसरीकडे नवऱ्याची सही मागितली. सही कशाला? अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, १९७१च्या गर्भपाताच्या कायद्यातच आहे ते! नऊ आठवड्यांच्या आत गोळ्यांवर भागलं असतं, या फिराफिरीत बारावा लागला आणि क्युरेटिंग करावं लागलं. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत सारखी एकच म्हणे, "सिस्टर, कोनले सांगू नका." इतका संताप झाला ना माझा.

पीसीपीएनडीटीची, म्हणजे गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्याची, भीती मला कळते. आपल्या जळगाव जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली, लाज वाटते. लिंग बघून पाडणाऱ्याला सोडूच नये. पण सात-आठ आठवड्यांना सोनोग्राफीत लिंग कळतच नाही, मग तेव्हा आलेल्या बाईला परत पाठवून कोणती मुलगी वाचली सांग?

इंग्लंडच्या १९६७च्या कायद्यात डॉक्टरला नाही म्हणायची मुभा आहे, पण बाईच्या जिवावर बेतलं तर तिथेही ती चालत नाही, आणि आपल्या कायद्यात तर अशी मुभा लिहिलेलीच नाही. २०१२ ला आयर्लंडमध्ये आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार, सतरा आठवड्यांची, गर्भ टिकणार नाही हे माहीत असून ठोके चालू आहेत म्हणून थांबवून ठेवली आणि सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरून, गेली. एकतीस वर्षांची, स्वतः डेंटिस्ट. तिचा फोटो अजून डोळ्यासमोरून जात नाही माझ्या.

म्हणून सांगते, इमर्जन्सी असेल तर मागे हटू नकोस. एरवी नसेल करायचं तर नको करूस, पण त्याच दिवशी चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात पाठव, नवऱ्याला घेऊन ये म्हणू नकोस, आणि पाप-पुण्य तिला ऐकवू नकोस, ती ते घरून ऐकूनच आलेली असते. जळगावला सिव्हिलमध्ये ओळखीच्या सिस्टर आहेत, नंबर पाठवते, क्लिनिक उघडायच्या आधी त्यांच्याशी बोलून घे.

तुझी,
मंगल