तुमच्या खोलीचे फोटो

मुंबई, रविवार रात्र

मन्या,

सहा महिन्यांत चार ओळी लिहिल्या नाहीत, हव्या तेवढ्या शिव्या घाल. आम्ही सगळे बरे, बाबांचा गुडघाही.

परवा वरळीला तुमच्या चाळीत कॅमेरा घेऊन गेलो होतो. बिऱ्हाडं हललीत, पाडकाम शेजारच्या चाळीपर्यंत आलंय.

"आमच्या चाळीचे फोटो काढ," असं तू म्हणाला होतास आणि मी म्हणालो होतो, "त्यात काढण्यासारखं काय आहे?" महिनाभर अबोला धरला होतास. मी व्हीटीच्या दगडी नक्षीत आणि ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको शैलीच्या बाल्कन्यांत रमलो. व्हीटी २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, ओव्हलभोवतीच्या इमारती २०१८ मध्ये. त्या उद्याही तिथेच असतील. तुझी चाळ नसेल. तू बरोबर होतास रे.

एकट्या वरळीत बीडीडीच्या, म्हणजे जुन्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, १२१ चाळी होत्या. १९२० च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या, त्याही आरसीसीत! तळमजल्यावर तीन मजले, मजल्याला २० खोल्या, खोली १६० चौरस फूट. नक्षी कुठेच नाही, पण तो मधला बोळ! उजेड फक्त दोन टोकांकडून. आठ सेकंद शटर उघडं ठेवलं, तेव्हा कुठे दारांच्या चौकटी उमटल्या. पाटीलकाकूंच्या दारात बॉल गेला की आउट, हा नियम तू फक्त माझ्या बॅटिंगला लावायचास, ते मी विसरलेलो नाही.

खोलीची किल्ली तुझ्या चुलतभावाने दिली. ओट्यामागे स्टोव्हची काजळी तशीच आहे. रंगाचा पोपडा सुटलाय: आकाशी, खाली पोपटी, त्याखाली ताईच्या लग्नातला गुलाबी, तळाला चुना. मोरीच्या कठड्यावर काकू, तुझ्या आई, विळी घासायच्या तिथे खोलगट झालंय. बोट फिरवलं, गार आणि गुळगुळीत.

काल काकूंचा फोन आला, "फोटो पाठव रे." अजून पाठवले नाहीत. फोटो चांगले आलेत, तीच पंचाईत आहे. नऊ माणसं झोपायची ती खोली त्यात एवढीशी, रिकामी दिसते. काकूंच्या डोळ्यांसमोर ती कॉटसकट, ट्रंकांसकट, गणपतीच्या कोनाड्यासकट भरलेली आहे. माझ्या फोटोने ती पुसली गेली तर? आणि त्यांनी मागूनही न देणारा मी कोण? तीनदा व्हॉट्सॲप उघडलं, बंद केलं. नुसता मोरीच्या कठड्याचा पाठवू का? त्यांचा मुलगा तू आहेस, तूच सांग.

नवी नोकरी कशी आहे? छोटीचा दहावीचा अभ्यास? वहिनींना नमस्कार.

बुधवारी परत जातोय, जिन्याचे फोटो राहिलेत. त्याआधी फोन कर.

तुझा,
बाळ्या