दुसरी संधी पहिल्या शाळेसारखी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेरोजगार तरुणांच्या कौशल्य प्रशिक्षणाविषयी आपल्या दैनिकात चर्चा सुरू आहे. प्रशिक्षणावर खर्च होऊनही मुले ते अर्धवट सोडतात, अशी तक्रार बहुतेक पत्रलेखकांनी केली असून तिचे खापर मुलांच्या आळसावर फोडले आहे. नोकरीची बरीच वर्षे यंत्रशाळेत अशा मुलांना शिकवण्यात गेल्यामुळे मला हे निदान पटत नाही. ज्या शाळेत ती एकदा मागे पडली, तीच शाळा आपण ‘दुसरी संधी’ या नावाने पुन्हा त्यांच्यापुढे उभी करतो, हे गळतीचे मोठे कारण आहे.

लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) उत्तम हात चालणाऱ्या मुलाला व्हर्निअर या बारीक माप घेण्याच्या साधनावरच्या १२.४ आणि १२.०४ मिलिमीटर या मापांतला फरक कळत नसेल, तर त्याचा जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला नग, बाद होतो. कळत नाही, असे तो कधीच सांगत नाही. समजावून सांगताना तो मान डोलावतो, शेजाऱ्याने घेतलेले माप आपल्या वहीत उतरवून घेतो आणि लेखी चाचणीच्या दिवशी गैरहजर राहतो. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा पडतो. अडचण असते ती लहानपणी राहून गेलेल्या दशांश अपूर्णांकांची, आणि ती कबूल करण्यापेक्षा घरी बसणे त्याला कमी लाजिरवाणे वाटते. (बाद झालेला जॉब बघून ‘शाळेत काय केलेस?’ असे विचारणारे निदेशक, म्हणजे यंत्रशाळेतले शिक्षक, मी पाहिले आहेत. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनाही ठाऊक असते.)

अशा मुलाला आधी गणित-भाषेच्या वेगळ्या वर्गात बसवावे आणि तिथे तयार झाल्यावर यंत्रावर घ्यावे, हा उपाय कागदावर बिनचूक दिसतो; प्रत्यक्षात यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच मुलगा निघून जातो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांनी २००४ च्या सुमारास ‘आय-बेस्ट’ नावाची वेगळी पद्धत सुरू केली. तीत एक शिक्षक व्यवसाय शिकवणारा आणि दुसरा वाचन, लेखन, गणित शिकवणारा, असे दोघे मिळून एकच अभ्यासक्रम शिकवतात. यंत्रशाळेत असे केले, तर दशांश अपूर्णांक व्हर्निअर हातात असतानाच शिकता येतो आणि तो कशासाठी शिकायचा हे वेगळे सांगावे लागत नाही. दोन शिक्षकांचा पगार द्यावा लागत असल्याने ही पद्धत महाग पडते, हे खरे आहे. पण मधूनच रिकाम्या होणाऱ्या वर्गांवरही खर्च होतच असतो.

युरोपीय आयोगाने १९९५ च्या श्वेतपत्रिकेत ‘दुसऱ्या संधीच्या शाळा’ सुचवल्या आणि १९९७ मध्ये फ्रान्समधील मार्सेय शहरात अशी शाळा सुरू झाली. फ्रान्समधील या शाळांत शिकणे आणि कंपनीत प्रत्यक्ष काम करणे आलटून-पालटून चालते. शेवटी पदवी-पदविका मिळत नाही. काय काय करता येते याचा दाखला मिळतो. पहिल्या परीक्षेत नापास झालेल्याला पुन्हा परीक्षेलाच जुंपायचे नाही, हा त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

या चर्चेत मुलींचा उल्लेख मात्र जवळजवळ आलाच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगातील १५ ते २४ वयोगटातील सुमारे पाचवा हिस्सा तरुण शिक्षण, प्रशिक्षण किंवा रोजगार यांपैकी कशातच नव्हते आणि त्यांत साधारण दोनतृतीयांश मुली होत्या. कोलंबियात २००१ ते २००५ या काळात तरुणांसाठी तीन महिने वर्ग आणि तीन महिने कंपनीत उमेदवारी अशी योजना चालली. तिच्या अभ्यासात रोजगार आणि कमाईतील स्पष्ट वाढ मुलींमध्ये दिसली. असे असूनही वर्गांच्या वेळा ठरवताना घरातले काम किंवा पदरी असलेले मूल यांचा विचार क्वचितच होतो आणि मग मुली येत नाहीत म्हणून त्यांची बॅचच बंद केली जाते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. प्रशिक्षण संस्थेला प्रवेशाच्या आकड्यावर अनुदान मिळत असेल, तर ती प्रवेश वाढवील. प्रमाणपत्रांच्या संख्येवर मिळत असेल, तर परीक्षा सोपी करील. त्यात संस्थाचालकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण हिशेबच तसा मांडलेला असतो. अनुदानाचा काही भाग, प्रशिक्षण संपल्यावर वर्षभराने किती जण कामावर टिकून आहेत हे पाहून द्यावा. त्याच वेळी अगदी कमी शिकलेल्या मुलांसाठी जादा रक्कम ठेवावी, नाहीतर संस्था मुळात हुशार असलेल्यांनाच निवडून घेतील आणि ज्यांच्यासाठी योजना आखली ते बाहेरच राहतील.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. प्रमाणपत्र वाटपाच्या समारंभाची बातमी देताना त्यांनी प्रवेश किती जणांनी घेतला होता, मध्येच किती जण गेले आणि गेलेल्यांना कारण विचारले होते का, एवढे आयोजकांना विचारून तेही छापावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त निदेशक