इंटर्नशिपमध्ये शिकायचे कधी?

महोदय,
एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि सक्तीच्या इंटर्नशिपचे एक वर्ष. हे शेवटचे वर्ष हात तयार होण्याचे. माझी पुतणी सध्या इंटर्न आहे. दिवसभर रक्ताच्या नळ्या लॅबमध्ये पोचवते, रिपोर्ट आणते आणि रात्री एप्रनही न काढता नीट-पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे, प्रश्न सोडवत बसते. टाके घालायला आतापर्यंत दोनदाच मिळाले! वर्षे कमी करा असे मी म्हणत नाही. पहिल्या वर्षापासून कुटुंब दत्तक योजना आहे, त्यात विद्यार्थी गावातल्या काही कुटुंबांच्या आरोग्याकडे लक्ष देतात, ती चांगलीच. पण नमुने पोचवायला वेगळे कर्मचारी नेमा आणि अक्कलकोट, करमाळ्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मुलांना सलग काही महिने राहू द्या. विंचू चावलेला माणूस रात्री दोनला दारात येतो, तेव्हा समोरच्या डॉक्टरचा हात थरथरता कामा नये.

– एक पालक, सोलापूर