गुडघ्याची गोळी आणि हळदीच्या कॅप्सूल

खारघर

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर गोळ्या-कॅप्सूलचा विषय काढला की बाबा ‘धर, आईशी बोल’ म्हणतात, म्हणून लिहितेय. मला बी.फार्मला घातलंत, त्याची फेड समजा.

बाबा, तलावपाळीच्या मित्रमंडळींनी सुचवलेल्या हळदीच्या कॅप्सूल तुम्ही घेता, गुडघ्याच्या गोळीने किडनी बिघडू नये म्हणून. यात काहीच तथ्य नाही असं नाही. जेंटामायसिन हे अँटिबायोटिक किंवा कॅन्सरवरचं सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांमध्ये हळदीतल्या कर्क्युमिनमुळे किडनीची हानी कमी झालेली दिसलीय. आपल्या घेटुळीवर, म्हणजे पुनर्नव्यावरही, असे प्रयोग झालेत. पण माणसांत हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. सिस्प्लॅटिन देताना आजही भिस्त असते ती सलाइनवर.

शिवाय तुमच्या गुडघ्याच्या गोळीची, डायक्लोफिनॅकची, तऱ्हाच वेगळी. किडनीत रक्त नेणारी बारीक धमनी सैल ठेवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातच बनणारी रसायनं लागतात आणि ही गोळी तीच बनू देत नाही. त्यात तुमच्या बीपीच्या गोळीत बीपी उतरवणारं टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध, दोन्ही आहेत. तिन्ही एकत्र आली की किडनीला रक्त पुरेशा दाबाने मिळत नाही. जुलाब झाले किंवा पाणी कमी पडलं तर आणखीच. तिथे हळद काय करणार? उलट हळदीत ऑक्सलेट (मुतखड्यात सापडतं ते) बरंच असतं, आणि जास्त मात्रेत ती घेऊन किडनीत ऑक्सलेट साचल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. आमटीतल्या हळदीबद्दल तक्रार नाही हं!

आई, जांभळी नाक्यावरून आणलेल्या त्या बिननावाच्या चूर्णाची मला जास्त काळजी वाटते. बेल्जियममध्ये वजन उतरवायला चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या बायकांच्या किडन्या निकामी झाल्या, ते १९९३ साली उघडकीला आलं. एका वनस्पतीच्या जागी किडनीला घातक अशी दुसरीच, अ‍ॅरिस्टोलोकिया, आत गेली होती.

तेव्हा बाबा, कॅप्सूल आणि डायक्लोफिनॅक दोन्ही थांबवा. गुडघ्याला पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचं जेल चालेल का, ते डॉक्टरांना विचारू. बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. किडनी कशी चाललीय ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, दोन्ही तपासून घेऊ.

शनिवारी येतेय. आई, चूर्ण घेऊ नकोस, पण पुडी टाकूही नकोस, डॉक्टरांना दाखवायचीय.

तुमची,
मनू